छोटी इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्यांनो, बसायला-सामानाला-रेंजला कशी आहे ते सांगा

घरात चौघं. मी, नवरा, नववीतला लेक (पावणेसहा फूट आणि अजून वाढतोय) आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाई. रोजचं कोथरूड ते खराडी, महिन्यातून एकदा वाई. टियागो, पंच, कॉमेट तिन्ही बघून आलो, शोरूममध्ये सगळंच छान वाटतं हो. ब्रोशरमधले आकडे नकोत, ते पाठ झालेत. तुमच्याकडे मागे कोण कसं बसतं, बॅगा कुठे जातात आणि गाडी खरंच किती पळते तेवढं लिहा.

नाशिककर
टियागो, 24 युनिटची बॅटरी, दोन वर्षं झाली. लाँचच्या वेळी कागदावर 315 किमी होतं, पण ती चाचणीतली रेंज, आपली वेगळीच. गावात एसी लावून मला 200 च्या आसपास मिळतात, हायवेला ऐंशीच्या आत राहिलं तर तेवढेच, शंभरने हाणली की 160-170. वाईला जाताना खंबाटकी चढेपर्यंत सात-आठ टक्के खाते, उतरताना त्यातले दीड-दोन परत देते, तेव्हा घाबरू नका. डिकी 240 लिटर. यात स्टेपनी येत नाही, पंक्चर किट असतं, पण आमच्या बाबांना स्टेपनीशिवाय झोप लागेना, म्हणून वेगळी घेऊन डिकीत टाकली, आता उरलेल्या जागेत दोन पिशव्या आणि बाबांचं समाधान मावतं.

घाटवाली
पंच, मोठी बॅटरी (35 युनिट). तुमच्या सासूबाईंसाठी सांगते, माझ्या आईचे दोन्ही गुडघे गेलेत. आधीच्या सेडानमध्ये ती अक्षरशः खाली पडायची आणि बाहेर काढायला दोघं लागायचे. इथे सीट कमरेच्या उंचीला, दार पार काटकोनात उघडतं, ती पाठ करून टेकते आणि नुसती आत वळते. हात द्यायला गेलं की ओरडते. मागे तिघं मात्र हॉलपासून स्टेशनपर्यंतच, त्यापुढे भांडणं. डिकी 366 लिटर, आंब्याच्या पेट्या आणि आमचे कपडे एकत्र आलेत. चौघं आणि सामान धरून 260-270 चालते. पुण्याहून कोल्हापूरला एका दमात जाईल, पण मी कराडच्या अलीकडे थांबतेच. एकदा ॲपवर चार्जर मोकळा दाखवत होता, जाऊन बघितलं तर गन बंद आणि पुढे दोन गाड्या उभ्या, तेव्हा तीस टक्क्यांच्या खाली जायच्या आधीच शोधायला लागा. आणि ऐंशी टक्के झाले की निघा, पुढचे वीस फार रेंगाळतात.

ठाण्याहून
कॉमेट. लांबी तीन मीटरच्याही आत, आमच्या गल्लीत दोन स्कूटरच्या मध्ये लावतो, वॉचमन अजून हसतो. दारं दोनच, मागे जायला पुढची सीट दुमडायची, सासूबाई पुढेच बसतील हे गृहीत धरा. पुढे मात्र पाय पसरून ऐसपैस. मागे माणसं बसली की डिकी जवळजवळ नाहीच. 17.3 युनिटवर मला गावात 170-180 मिळतात. ऑफिसला एक नंबर, वाईला नको.

साधा प्रश्न
पार्किंगमध्ये पंधरा अँपिअरचं सॉकेट आहे का? आमच्याकडे गाडी आधी आली आणि सोसायटीची परवानगी साडेतीन महिन्यांनी. मीटिंगमध्ये एकच वाक्य, "उद्या सगळेच मागतील." तोवर मी रोज रात्री मेहुण्याकडे गाडी लावून रिक्षाने घरी. साध्या सॉकेटवर पूर्ण चार्ज व्हायला रात्र जाते, पण ती रात्र आपल्याच पार्किंगमध्ये गेली पाहिजे ना. तेव्हा आधी सॉकेट, मग रंग.

धागाकर्ती
काल सासूबाईंना घेऊनच गेलो. पंचात विनातक्रार बसल्या आणि उतरेचनात, सेल्समनने पाणी आणून दिलं. लेक मात्र नवऱ्याच्या मागे बसला तर गुडघे सीटला टेकले, आता तो पुढे आणि नवरा मागे असं ठरतंय (नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही). सोसायटीत अर्ज दिलाय. सेक्रेटरी म्हणाले, "उद्या सगळेच मागतील."