'नियमशास्त्राधीन नाही', मग दहा आज्ञांचं काय?

सदरकर: आमच्या चर्चच्या बायबल-अभ्यासासाठी एक इंग्रजी पुस्तिका मराठीत करून राहिलोय, 'मॉरल लॉ'पाशी गाडी अडली. रोमकरांस पत्र ६:१४ मध्ये प्रेषित पौल म्हणतो की आपण नियमशास्त्राच्या, म्हणजे मोशेच्या कायद्याच्या, अधीन नाही, कृपेच्या (इंग्रजीत 'ग्रेस') अधीन आहोत. पुस्तिका म्हणते, यज्ञ, सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध संपले, पण 'मॉरल लॉ', म्हणजे दहा आज्ञांतली नीती, कायम आहे. दोन्हीकडे 'नियमशास्त्र' लिहिलं की वाक्य स्वतःलाच खोडतं. मसुदा ऐकून चर्चमधल्या एका वडीलधाऱ्यांनी विचारलंच, "मंग चोरी करू नको, हे बी गेलं का बावा?" 'नैतिक नियम' चालेल?

धरमपेठी: 'नैतिक नियम' शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखं वाटतं. 'नीतिनियम' बरं. आणि 'कृपा'पेक्षा 'अनुग्रह' नेमका नाही का?

महालवाले_काका: अनुग्रह नको. तो गुरूकडून घेतात. आमच्या आजीनं घेतला तसा घरात कांदा-लसूण बंद! अनुग्रह आला की मागून नियम आलाच.

सदरकर: काका, पौलाचाही क्रम हाच आहे. आजीनं कांदा सोडला म्हणून अनुग्रह मिळाला असं नाही ना? आधी अनुग्रह, मग कांदा.

महालवाले_काका: आजोबांचं मत वेगळं होतं. असो.

इतवारी_बाजार: नागपुरात 'ग्रेस' म्हटलं की आधी कवी, मग मार्क. मी बीकॉमला ग्रेसनं निघालो. कृपा म्हणजे तेच न जी?

उषा_ताई: नाही हो. ग्रेस मार्क काठावरच्याला मिळतात, दोन-चारांनी हुकलेल्याला. ही कृपा कोरा पेपर देणाऱ्यालाही आहे.

इतवारी_बाजार: मंग अभ्यास कोन करन?

उषा_ताई: हे पौलालाही ठाऊक होतं. कृपा वाढावी म्हणून पापात राहायचं का, असं रोम ६:१ मध्ये तो स्वतःच विचारतो आणि पुढच्याच वचनात साफ नाही म्हणतो. योहान ८ मधली ती व्यभिचारात धरून आणलेली बाई आठवा. येशू तिला आधी म्हणतो, मीही तुला दंड ठरवत नाही; मग म्हणतो, ह्यापुढे पाप करू नको. दुसरं वाक्य ही पहिल्याची अट नाही, पण ते गाळताही येत नाही. आमच्या कुटुंबात निम्मे फक्त पहिलं ऐकतात, निम्मे फक्त दुसरं, आणि सणाला सगळे एकाच टेबलावर.

शुद्धमराठी: मुळात 'नियमशास्त्र' हाच ओढूनताणून केलेला शब्द. शास्त्र म्हणजे कायदा नव्हे. हिब्रू 'तोरा' तसाच ठेवा.

महालवाले_काका: मराठीत तोरा मिरवतात! शब्द तिकडूनच आला असेल, नियम पाळणाऱ्याला तो चढतोच.

शुद्धमराठी: तिकडून-फिकडून काही नाही. काका, प्रत्येक व्युत्पत्ती महालातून निघत नसते.

धरमपेठी: ओढूनताणून कसा? पिढ्यान् पिढ्या लोक हेच वाचतात, शब्द रुळला. ना. वा. टिळकांना १८९३मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत नवा करार मिळाला. पुढे ख्रिस्ती झाल्यावरही ते अभंग-ओवीतच लिहीत राहिले. वारकऱ्यांची 'कृपा' त्यांना पुरली, तुम्हाला का पुरू नये?

शुद्धमराठी: मी 'कृपे'बद्दल बोललोच नाही.

सदरकर: मंडळी, माझा 'मॉरल लॉ'? शनिवारी छापायला द्यायचंय.

उषा_ताई: 'नियमशास्त्रातली नीती' लिहा. मत्तय ५:१७ मध्ये नियमशास्त्र रद्द करायला नाही, पूर्ण करायला आलो असं येशू म्हणतो. त्याच्याशीही जुळेल.

शुद्धमराठी: 'तली' कशाला? 'नियमशास्त्रीय नीती'.

इतवारी_बाजार: ताई, ग्रेस मार्कालाही विद्यापीठाचा नियम असते. त्याचं काय?

महालवाले_काका: आमच्या वेळी ग्रेस नव्हते. सरळ नापास.