घरातला जुना संगणक चालता कसा ठेवलात? (अनुभव धागा)

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत पाठिंबा संपला. तेव्हापासून आमच्या घणसोलीच्या सोसायटीत एकच प्रश्न फिरतोय: "लॅपटॉप नीट चालतोय, तरी नवा घ्यायचा का?" दोन-तीन घरांनी घेतलेही. जुनी यंत्रं माळ्यावर गेली.

मला हे बघवत नाही. बऱ्याच घरांत एखादा भाग बदलून किंवा दुसरी कार्यप्रणाली टाकून काम भागतं. काही घरांत खरंच भागत नाही, तेही कळायला हवं. म्हणून ठाणे-नवी मुंबईकरांना आग्रहाने विनंती करतोय, आपापला अनुभव लिहा. प्रोसेसर कोणता, रॅम किती आणि यंत्र कशासाठी वापरता एवढं जरूर लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला ताडून बघता येईल. दुकानांची नावं नकोत.

सुरुवात माझ्यापासून. बाबांचा डेस्कटॉप, सहाव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम. विंडोज ११ त्याला घेत नाही. एसएसडी (फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली आणि लिनक्स मिंट २२ (विंडोजऐवजी चालणारी मोफत कार्यप्रणाली) टाकलं, त्याला २०२९ पर्यंत सुधारणा मिळणार आहेत. बाबा पेपर वाचतात, फोनवरचे फोटो उतरवतात, सोसायटीच्या नोटिसा मराठीत टाईप करतात. एवढ्याला काहीच अडत नाही.

ऐरोलीकर

महाप्याच्या एका कंपनीत संगणक सांभाळायचं काम करतो, त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक यंत्रं घेऊन घरी येतात.

"विंडोज ११ चालणार नाही" असं कुणी म्हटलं की लगेच मान डोलावू नका. त्याला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीची आज्ञावली चालू देणारी सोय), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. यातली टीपीएमची सोय पुष्कळदा यंत्रात असते, फक्त बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या मूळ आज्ञावलीत) बंद ठेवलेली असते. इंटेलवर ती पीटीटी या नावाने सापडते, एएमडीवर एफटीपीएम या नावाने. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. नाहीतर यंत्र सुरू होताना तीच मागत बसतं.

आता "मंद झालाय" ही तक्रार. टास्क मॅनेजर उघडा आणि यंत्र रखडत असताना बघा. डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर चिकटलेला दिसला तर दोष हार्ड डिस्कचा. मेमरी भरलेली दिसली तर रॅमचा. आधी हे बघायचं, मग खरेदी. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि वाचणारं टोक योग्य जागी पोचायला दर वेळी दहाएक मिलिसेकंद जातात. संगणक सुरू होताना हजारो लहान लहान फायली वाचतो, तिथे ही वाट बघणं साचत जातं. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्याने तो वेळ जवळपास उरत नाही. म्हणून तोच प्रोसेसर, तीच रॅम असूनही यंत्र नवं झाल्यासारखं वाटतं.

भाग घ्यायला मी अजूनही लॅमिंग्टन रोडला जातो. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं. जुन्या यंत्राची रॅम घेताना डीडीआर-३ की डीडीआर-४ (रॅमच्या पिढ्या) आणि लॅपटॉपची की डेस्कटॉपची, हे जुनी पट्टी हातात धरूनच विचारा.

नौपाड्यातून

मी निवृत्त शिक्षिका. लॅपटॉप पाचव्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम. त्यात माझं वीस वर्षांचं लिखाण आहे, सासूबाईंकडून ऐकून उतरवलेल्या ओव्याही आहेत. त्यामुळे माझी अट एकच होती, अक्षरही हरवता कामा नये.

पहिल्या दुकानात म्हणाले, "काकू, फॉरमॅट मारतो, डेटाची हमी नाही." मी लॅपटॉप उचलून परत आले. दुसरीकडे एका मुलाने समजावून सांगितलं की जुन्या डिस्कला हातच लावायचा नाही. ती काढून एका यूएसबी केसमध्ये घालायची आणि लॅपटॉपला नवी एसएसडी बसवायची. तसंच केलं. सगळं लिखाण त्या केसमध्ये जसंच्या तसं राहिलं, वर त्याची एक प्रत नव्या डिस्कवर आली. रॅमही ८ जीबी केली.

लिनक्सची धास्ती होती. पण त्या मुलाने पेन ड्राइव्हवरून आधी नुसतं चालवून दाखवलं, आत काहीही न टाकता. वायफाय, आवाज, छपाई सगळं तपासलं, मगच हो म्हटलं. हे ज्याने त्याने मागून घ्यावं. इन्स्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या पद्धतीत अक्षरांची कळफलकावरची जागा इथे तीच आहे, त्यामुळे माझी बोटं गोंधळली नाहीत. एक न आवडलेली गोष्टही सांगते: वर्डमध्ये केलेले जुने तक्ते लिबरऑफिसमध्ये (वर्डसारख्या मोफत आज्ञावलीत) उघडले की रकाने सरकतात. ज्यांचं काम तक्त्यांचंच आहे त्यांनी हे आधी बघावं.

कोपरीतून, हिशेबवाला

वरच्या सगळ्यांशी सहमत, पण माझ्यासारख्यांनी घाई करू नये. माझं काम टॅलीवर आणि डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनवर चालतं. टोकनचे ड्रायव्हर आणि सहीची आज्ञावली विंडोजवर बिनबोभाट चालते, लिनक्सवर प्रत्येक टोकनची कथा वेगळी. जीएसटीची शेवटची तारीख समोर असताना ती कथा ऐकायला मला वेळ नाही.

मी विंडोज १० च्या वाढीव सुरक्षा सुधारणांसाठी नाव नोंदवलं. घरगुती वापरासाठी ही सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत. म्हणजे विचार करायला वर्ष मिळालं. त्या वर्षात नवा घ्यायचाच आहे, आणि तो घेताना रॅम वाढवता येते का हे मी आधी विचारणार आहे. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डकवलेली असते.

घणसोलीकर (धागाकर्ता)

हा मुद्दा आल्याचं फार बरं वाटलं. काका, टोकनचं काम सोडून बाकीचं ब्राउझिंग, ईमेल वगैरे तुम्ही त्याच यंत्रावर करता का?

कोपरीतून, हिशेबवाला

नाही. ते फोनवर. हिशेबाच्या यंत्रावर अनोळखी पेन ड्राइव्हसुद्धा लावू देत नाही कुणाला.

वाशीतून, छपाईच्या धंद्यातला

माझा विषय थोडा वेगळा, पण जुनं यंत्र सोडताना माझ्यासारखे अनेक जण इथेच अडतात म्हणून सविस्तर लिहितो.

लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंक अशी कामं वर्षानुवर्षं केली. सगळी जुन्या फॉण्टांत, युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या पद्धतीची. त्या पद्धतीत फायलीत देवनागरी नसतेच. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक असतात आणि फॉण्ट त्यांच्या जागी मराठी आकार दाखवतो. फॉण्ट नसलेल्या यंत्रावर फाईल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. म्हणून ते जुनं यंत्र मी इतकी वर्षं धरून ठेवलं होतं.

शेवटी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलो, फक्त याच एका कामासाठी. पहिलं पाऊल सोपं: जुना आकार आणि त्याचं युनिकोड अक्षर यांची जोडयादी करायची आणि बदलत जायचं. इथे एक पथ्य, लांब जोड्या आधी बदलायच्या. जुन्या फॉण्टात एकेक अक्षर दोन-तीन तुकड्यांनी बनतं. आधी सुटा तुकडा बदलला तर मोठी जोडी सापडतच नाही.

खरी कसरत पुढे. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधी टाईप होते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. 'स्थिती' मध्ये वेलांटी अर्ध्या 'स'च्या आधी बसलेली असते, ती 'स' आणि 'थ' ही पूर्ण जोडी ओलांडून पलीकडे न्यावी लागते. एकच अक्षर ओलांडलं की शब्द मोडतो. रफाराचं नेमकं उलट. 'मूर्ती' मध्ये तो जुन्या फायलीत 'ती' झाल्यावर येतो आणि युनिकोडला 'त'च्या आधी हवा असतो. वेलांटी आणि रफार एकाच अक्षरावर आले की नियमांचा क्रमही महत्त्वाचा ठरतो. आधी वेलांट्या जागेवर, मग रफार, असं मी ठरवलं आणि त्याने निभावलं.

तपासताना दोन गोष्टी कळल्या, त्या प्रोग्रामिंग करणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असाव्यात असं मनापासून वाटतं. पायथनला 'क्षत्रिय' ची लांबी विचारली तर तो ८ सांगतो, कारण हलन्त आणि वेलांटी हेही तो वेगळे मोजतो. रकान्यात किती अक्षरं मावतील याचा हिशेब त्या आकड्यावर करू नका. दुसरं, 'दुसऱ्या' हा शब्द दिसायला अगदी सारखा पण साठवायला दोन प्रकारे येऊ शकतो: एकदा 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून, एकदा साधा 'र', हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरून. शोध घेतला की एक सापडतो, दुसरा नाही. 'ॲ' चंही तसंच. ते अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, त्याआधीच्या फायलींत 'अ' वर चंद्र देऊन काम भागवलेलं असतं. मी सगळं एकाच रूपात आणणारा छोटा टप्पा शेवटी जोडला.

आता त्या फायली कुठल्याही यंत्रावर, फोनवरसुद्धा उघडतात आणि शोधता येतात. प्रुफं मात्र माणसानेच वाचावीत. आमच्या बायकोने वाचली आणि जोडयादीतून सुटलेले कितीतरी आकार तिने हुडकले.

नौपाड्यातून

वाशीचे दादा, तुमच्या प्रतिसादाने आशा वाटली. माझ्या शाळेच्या स्मरणिकेच्या फायली अशाच फॉण्टात अडकल्यात. जोडयादी फॉण्टागणिक वेगळी करावी लागते का?

वाशीतून, छपाईच्या धंद्यातला

हो ताई, प्रत्येक फॉण्टकुटुंबाची वेगळी. पण वेलांटी-रफाराचे नियम बहुतेक तेच राहतात. फॉण्ट कोणता आहे ते कळवा, बाकी आपण बसून करू.

नेरूळहून, एक आई

घरात सातव्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅमचा लॅपटॉप पडून होता. मुलगी सातवीत. कोडिंग क्लासवाल्यांनी नव्या लॅपटॉपची यादी हातात दिली होती. सातवीच्या मुलीला पायथन शिकायला तसल्या यंत्राची काही गरज नाही, हे मी ठामपणे सांगते. मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली, त्यावर थॉनी नावाचा साधा संपादक. तो प्रोग्राम एकेक ओळ चालवून दाखवतो आणि कोणत्या नावात आत्ता कोणती किंमत आहे तेही शेजारी दिसतं. शिकणाऱ्या मुलाला याहून जास्त काय हवं?

तिने पहिल्यांदा २९ चा पाढा लिहिला. मग आमचं महावितरणचं बिल घेतलं. पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, ३०१ ते ५०० ला तिसरा, त्यापुढे चौथा. सगळ्या युनिटांना वरचाच दर लागतो अशी तिची समजूत होती. प्रोग्राम लिहिताना प्रत्येक टप्प्याचा हिशेब वेगळा करावा लागला आणि बिलाचा आकडा जुळेपर्यंत ती उठली नाही. एसी कधी लावायचा यावर आता घरात तीच बोलते.

मर्यादा सांगते: ४ जीबीत ब्राउझरचे दहा टॅब आणि व्हिडिओ क्लास एकत्र होत नाही. क्लास टॅबलेटवर, सराव लॅपटॉपवर असं आम्ही ठेवलंय.

खारघरहून

छोटंसंच, पण सुरक्षेचं आहे. जुना लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नसेल किंवा टचपॅड वर उचललेला दिसला तर बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जर काढा, दाबू नका, टोचू नका, जाणकार माणसाकडून बॅटरी काढून घ्या. सतत प्लगला लावून ठेवत असाल तर ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय बायोसमध्ये किंवा कंपनीच्या आज्ञावलीत असते का ते बघा. उष्णता आणि कायम पूर्ण भरलेली बॅटरी, दोन्हींनी तिचं आयुष्य घटतं.

कळव्याहून

३२-बिटचा (जुन्या पद्धतीच्या प्रोसेसरचा) छोटा नेटबुक होता, त्यावर विंडोज ७. विंडोज ७ वर क्रोम १०९ व्या आवृत्तीवर थांबलं, पायथन ३.८ वर. मिंटने २० व्या आवृत्तीपासून ३२-बिट सोडलं, डेबियन १३ (दुसरं एक लिनक्स) मध्येही त्याचं इन्स्टॉलर नाही. अशा यंत्राला इंटरनेटवर आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मी ते द्यायचं ठरवलंय. पण देण्याआधी आतलं कसं पुसायचं?

ऐरोलीकर

फायली डिलीट करून किंवा झटपट फॉरमॅट मारून माहिती जात नाही, फक्त तिची नोंद जाते. फिरणारी हार्ड डिस्क असेल तर संपूर्ण डिस्कवर एकदा शून्यं लिहून घ्या; लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून सुरू करून हे करता येतं, रात्रभर लावून ठेवा. एसएसडी असेल तर ही रीत पुरी पडत नाही, कारण ती आपल्या नकळत जागा बदलून लिहिते. तिच्यासाठी सिक्युअर इरेजची आज्ञा वापरायची, ती काही यंत्रांत बायोसमध्येच असते. डिस्क चालतच नसेल तर काढून घरी ठेवा आणि बाकीचं यंत्र द्या.

भंगारवाल्याला देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार जुन्या यंत्रांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर परत घेण्याची माहिती असते, किंवा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्या आणि पावती मागा. चार्जरही सोबत द्या.

कळव्याहून

आभार. डिस्क आज रात्री लावतो.