कानाच्या शस्त्रक्रियेनंतर जिभेच्या एका बाजूची चव गेली, तिखट मात्र लागते : मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही सोलापूरचे. वडिलांच्या (वय ६३) उजव्या कानाच्या पडद्याला पडलेले भोक बुजवण्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली. ऐकू चांगले येऊ लागले आहे, परंतु तेव्हापासून जिभेच्या पुढच्या भागात उजव्या बाजूला त्यांना मीठही कळत नाही आणि साखरही, शिवाय तोंडात पितळ चघळल्यासारखी चव रेंगाळते. शेंगाचटणी मात्र त्याच बाजूला पूर्वीइतकीच झोंबते, आणि घरातल्या सर्वांना कोडे पडले आहे ते याचेच.

सही घेण्यापूर्वी डॉक्टरांनी ही शक्यता सांगितली होती आणि आता काही महिने वाट पाहण्यास सांगितले आहे. त्यानंतर मी जे वाचले त्यावरून असे समजते की, जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव कोर्डा टिम्पनाय ही फेशियल नर्व्हची (चेहऱ्याचे स्नायू हलवणाऱ्या मज्जातंतूची) बारीक शाखा वाहून नेते. ती मधल्या कानात हातोडी आणि ऐरण या हाडांमधून, पडद्याच्या अगदी मागून जाते आणि कवटीखाली उतरल्यावर लिंग्वल नर्व्हला मिळते. स्पर्श, वेदना आणि तापमान यांची जाणीव मात्र ट्रायजेमिनलची (चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूची) शाखा असलेली हीच लिंग्वल नर्व्ह नेते. मिरचीतील कॅप्सायसिन उष्णता व वेदना टिपणाऱ्या तंतूंना चेतवते, म्हणजे तिखट ही काटेकोर अर्थाने चव नव्हेच (सोलापुरात हे मोठ्याने म्हणणे धाडसाचे आहे). मागच्या एक-तृतीयांश भागाची चव आणि स्पर्श दोन्ही ग्लॉसोफॅरिंजियल या तिसऱ्याच मज्जातंतूकडे असल्याने कारल्याचा कडूपणा गिळताना त्यांना नीट जाणवतो, हेही जुळते.

चेहरा वाकडा झालेला नाही आणि स्पर्श शाबूत आहे; त्यामुळे इजा फेशियलच्या मुख्य खोडाला किंवा कोर्डा टिम्पनाय व लिंग्वल एकत्र आल्यानंतरच्या मार्गावर नसून कानातच असावी, असा माझा तर्क आहे. तो बरोबर आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दुसरे असे की, हीच शाखा जबड्याखालच्या व जिभेखालच्या लाळग्रंथींनाही तंतू पुरवते. वडील अलीकडे जेवताना वारंवार पाणी मागतात. त्याचा संबंध याच्याशी जोडावा का? तसेच शस्त्रक्रियेत तंतू नुसता ताणला गेला असेल किंवा तुटलाच असेल, तर सुधारणेच्या शक्यतेत व कालावधीत कितपत फरक पडतो? पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे विचारणारच आहे, पण स्वतः या अनुभवातून गेलेल्यांनीही लिहावे.

घरी जीभ बाहेर काढायला लावून, कापसाच्या बोळ्याने दोन्ही कडांना आळीपाळीने मिठाचे पाणी लावून पाहतो आणि जीभ आत घेण्याआधीच त्यांना बोटाने खूण करायला सांगतो, कारण आत घेतल्यावर पाणी पसरून दुसरी बाजू उत्तर देऊन टाकते. याहून भरवशाची पद्धत असल्यास सुचवावी. त्यांना मधुमेह नाही. रक्तदाबाची गोळी शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच चालू आहे आणि ती बदललेली नाही.