एकट्यानं युद्ध दाखवायचंय, न बोलता. मरायचा सीन सोडून काय करू?

नाटकवेडा_परभणी:
रामराम मंडळी. 26 जुलैला कारगिल दिवसाच्या कार्यक्रमात कॉलेजात 20 मिनिटं मिळालीत. मी एकटाच, डायलॉग नाही, सगळं अंगावरच, फिजिकल थिएटर म्हणा नाहीतर काय ते. घोळ असा झालाय की तालमीत मी गोळी लागून पडलो की पोरं शिट्ट्या मारू लालेत अन् वन्समोर म्हणू लालेत, हवेत रायफल धरली तर म्हणतात पिचकारी हाय का. मी एवढा जीव तोडून करू लालो अन् यांची होळी चाललीय! म्युझिक लावू का मागं? (शेवटी तिरंगा पाहिजेच असं वरून सांगितलंय, ते वेगळंच.)

तालीमखोली:
पिचकारी दिसते कारण हातात वजन नाही. फौजेची इन्सास रायफल रिकामीच 4 किलोच्या आसपास असते, अन् वजन दंडात नाही, कमरेत नि पायात दिसतं, तेही उचलायच्या आधी. भरलेली घागर उचलताना आपण अगोदर पाय रोवतो ना, तसं. 15 किलो ज्वारी पाठीवर बांधून आठ दिवस तालीम कर, मग पोतं काढ, अंगाला आठवतंय बघ. दुसरं म्हणजे अंग हललं तरी हवेतली वस्तू जागची हलायला नको. फ्रेंच मूकाभिनेता मार्सेल मार्सोची न दिसणारी भिंत यावरच उभी होती. त्याचे वडील नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीत मारले गेले, तो स्वतः नाझींविरुद्धच्या फ्रेंच प्रतिकार चळवळीत होता, म्हणजे युद्ध त्यानं जवळून पाहिलेलं. म्युझिक अजिबात नको, तुझा श्वास ऐकू दे.

माजी_फौजी_बीड:
मला नाटकातलं काही कळत नाही. 18 वर्षं नोकरी केली, त्यात सियाचिनबी झालं. 1984 पासून तिथं गोळीपेक्षा थंडीनं अन् हिमकड्यांनीच जास्त माणसं नेली. तुम्ही लोक आम्हाला सारखं मारताच कामून राव? आमचा बराचसा वेळ बर्फ उपसण्यात, स्टोव्ह पेटवण्यात अन् वाट बघण्यात जायचा. हातमोजा काढून लोखंड धरलं की कातडी चिकटते, मोजा घालून बटण लागत नाही. तर 5 मिनिटं नुसतं बटण लाव. आणखी एक, चालताना आम्ही सगळे एका दोरीला बांधलेले असायचो, बर्फाखाली भेगा असतात, पुढचा आत गेला की मागच्यानं तिथंच आडवं पडून त्याला धरायचं. तू एकटा हायस ना, मग कमरेला दोरी बांध, पण पुढचा माणूस मला दिसला पाहिजे.

नांदेडची_मी:
सगळं सीमेवरचंच का पण? 1948 च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थानात भारतीय फौज शिरली त्या पोलीस अ‍ॅक्शनच्या आधी, निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या भीतीनं माझी आजी लेकरू घेऊन ज्वारीत लपली होती. लेकराच्या तोंडावर हात कसा ठेवायचा, दाबायचा नाही पण आवाजही येऊ द्यायचा नाही, हे ती म्हातारपणी करून दाखवायची, बघणाऱ्याचा श्वास अडकायचा. फौज बिज तिनं पाहिलीच नाही. ते पण युद्धच की.

नाटकवेडा_परभणी:
फौजी काका, काल शेतातल्या आखाड्यावर बैलाचा कासरा कमरेला बांधला, दुसरं टोक मोकळंच, अन् अंगण ओलांडलं. माय दूध काढू लालती, म्हणली कोणाला ओढू लालास रे? म्हणजे जमतंय थोडं. ताई, आजीचा हात घेऊ का? विचारूनच घेईन. मरायचा सीन काढला. बटण मात्र 2 मिनिटांच्या वर धरवत नाही, माझंच लक्ष पोरं हसतात का तिकडं जातंय.