घरात विश्वामित्री शिरली, आणि मुलांनी चित्र समुद्राचं काढायचं?

अकोटा

माझी मुलगी बडोद्यात आठवीत आहे. तिच्या शाळेत एका आंतरराष्ट्रीय विद्यार्थी स्पर्धेची सूचना आली. विषय: समुद्राची वाढती पातळी आणि किनाऱ्यावर येणारे पूर. चित्र, कविता, गाणं, छोटी चित्रफीत, काहीही चालेल. तिने दोन संध्याकाळी बसून चित्र काढलं. अर्ध्या बुडालेल्या उंच इमारती, बाजूला बर्फाच्या तुकड्यावर पांढरं अस्वल, वर कोपऱ्यात रडणारी पृथ्वी. हात चांगला आहे तिचा. पण चित्र बघून मला वाईट वाटलं.

ही मुलगी २०२४च्या जन्माष्टमीनंतर आमच्यासोबत दुसऱ्या मजल्यावर अडकली होती. खाली पार्किंगमध्ये पुरुषभर पाणी, लाइट नाही. विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली होती. शेजारच्या आजींचं इन्सुलिन फ्रीज बंद पडल्यामुळे वाया गेलं आणि नवीन आणायला रस्ताच नव्हता. पाणी उतरल्यावर कळलं की मागच्या सोसायटीच्या आवारात मगर आली होती, तर पुढे महिनाभर ही पोरगी जिना एकटी उतरायची नाही. यातलं काहीच तिच्या चित्रात नाही. अस्वल आहे.

माझं म्हणणं असं, की बडोद्याच्या शाळांनी मुलांना आधी आपल्या नदीवर लिहायला, काढायला सांगावं. समुद्र इथून पाऊणशे किलोमीटर लांब आहे. जे भोगलं ते सोडून जे कधी पाहिलं नाही त्यावर बक्षिसासाठी काढायचं, हे मला पटत नाही.

निवृत्त पाटबंधारे

ताई, तुमच्या बाजूने एक मुद्दा घालतो, कारण आयुष्य याच कामात गेलं आहे.

२०२४ला मी स्वतः ऐकलंय, लोक ओट्यावर बसून सांगत होते की खंभातच्या आखातात भरती होती म्हणून गावातलं पाणी उतरेना. बडोदं समुद्रसपाटीपासून पस्तीस-चाळीस मीटर उंच आहे. भरती इथपर्यंत पोचत नाही. खाली जिथे ढाढर नदी आखाताला मिळते, त्या सपाट पट्ट्यात भरतीचा परिणाम होतो, तो वेगळा. आपल्याकडे पाणी येतं ते पावागढच्या बाजूने आणि आजवा-प्रतापपुरा तलावांकडून. पूर्वी ते कोतरांत, म्हणजे नदीकाठच्या घळींत, पसरायचं. ती कोतरं आपण राडारोडा टाकून भरली. भुखी कांस, रूपारेल कांस, मसिया कांस हे नैसर्गिक ओढे कुठे बुजवले, कुठे पाइपात घातले, काहींवर तर बांधकामं उभी राहिली. त्या दिवशी पाऊस अफाट झाला हे खरंच आहे, पण पाण्याची जागा आपणच खाल्ली.

आता हे सगळं मुलांनी ‘समुद्र वाढतोय, पृथ्वी तापतेय’ या एका चित्रात घातलं, की ज्याने कांस बुजवली तो सुटला. चूक एकदम आभाळाएवढी करून टाकली की ती कुणाचीच राहत नाही. म्हणून मला हा विषय बडोद्याच्या शाळेत नको वाटतो.

रंगपेटी

मी चित्रकला शिकवते, आणि मला तुमच्या दोघांचंही पटत नाही.

ताई, अस्वल तुमच्या मुलीच्या डोक्यातून आलेलं नाही. आम्ही शिक्षकांनी आणि पाठ्यपुस्तकांनी तिला दुसरं काही दाखवलंच नाही, म्हणून ते आलं. दोष विषयाचा नाही. मी वर्गात एक साधा प्रयोग करते. पेल्यात बर्फाचे खडे तरंगत ठेवायचे आणि काठोकाठ पाणी भरायचं. बर्फ वितळतो, पाणी सांडत नाही. मुलं चक्रावतात. मग विचारायचं, समुद्र का वाढतो तर? जमिनीवर साठलेला बर्फ, म्हणजे ग्रीनलँडचा, डोंगरांवरच्या हिमनद्यांचा, वितळून समुद्रात जातो म्हणून. आणि पाणी तापलं की प्रसरण पावतं म्हणून. १९७१ ते २०१८ या काळातली साधारण निम्मी वाढ नुसत्या या प्रसरणाची आहे. हे कळलेलं मूल तरंगत्या बर्फावरचं अस्वल काढून थांबत नाही. एका मुलाने माझ्याकडे स्टोव्हवर ठेवलेलं दुधाचं पातेलं काढलं होतं, दूध काठाशी आलेलं आणि आई पाठमोरी. प्रसरण आणि उतू जाणं एक नव्हे हे मी त्याला सांगितलं, पण चित्र तसंच राहू दिलं, कारण त्यात भीती खरी होती.

दुसरं म्हणजे ‘भोगलं तेच काढा’ हा नियम मला घातक वाटतो. मग ओडिशातल्या सातभायाच्या मुलांचं दुःख फक्त त्यांनीच काढायचं का? तिथली गावं समुद्राने घेतली, माणसांना आत बागपातियाला नेऊन वसवलं. आपली मुलगी पुरात अडकली होती म्हणूनच ती त्या मुलांचं जास्त खरं काढू शकेल.

रावपुरा

असल्या स्पर्धांवरच माझा आक्षेप आहे. अर्धी चित्रं आई-वडील काढतात, उरलेली कॉम्प्युटर. प्रमाणपत्र येतं, भिंतीवर लागतं, पुढच्या महिन्यात दुसरा विषय. नदीवर ठेवा नाहीतर समुद्रावर, मुलाच्या मनात काय उरतं ते सांगा.

बाकी ‘बडोद्याला समुद्र नाही’ हे आजच्या नकाशापुरतं खरं. बडोदा संस्थानात ओखामंडळ होतं, द्वारका त्यातच आली. ओख्याचं बंदर सयाजीराव महाराजांच्याच काळातलं, १९२६चं. बिलिमोऱ्याला गायकवाडांचं आरमार होतं. आमच्या आजोबांच्या पिढीला ओखा परकं वाटत नसे.

मूळचा गुहागरचा

तीस वर्षं बडोद्यात मांजलपूरला आहे, पण घर आणि थोडी शेती अजून तिकडे आहे, म्हणून लिहितो.

अकोटाताई, तुमच्या पुराचा त्रास मी कमी लेखत नाही, आमच्याही गल्लीत पाणी होतं. पण नदीचं पाणी गोडं. ते उतरलं की चिखल काढायचा, भिंती वाळवायच्या, नुकसान सोसायचं आणि पुन्हा उभं राहायचं. खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या, भातशेतीचा बांध उधाणाने फुटला आणि खारं पाणी आत शिरलं तर ती जमीन दोन-तीन पावसाळे तरी धुवून निघावी लागते. तोपर्यंत भात नाही. विहीर मचूळ झाली तर तीही गेली. आमच्या वडिलांनी बांध दोनदा घातला, तिसऱ्यांदा घातला नाही. ती जमीन आज पड आहे. याचा फोटो कुठल्या पेपरात येत नाही, कारण बघण्यासारखं काही घडतच नाही. पाणी एक रात्र आत येतं आणि शेत मरतं.

आणि ‘न पाहिलेला समुद्र’ म्हणता, तर पातळी वाढताना आम्हीही पाहिलेली नाही. २००६ ते २०१८ या काळात जगभरात सरासरी वाढ वर्षाला ३.७ मिलिमीटर. १९०१पासूनची मोजली तर २० सेंटिमीटर, म्हणजे एक वीतभर. रोज किनाऱ्यावर बसणाऱ्यालाही ती दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की पूर्वी उधाण ज्या माडापर्यंत यायचं त्याच्या पुढे येतंय. आता माडच पडला म्हणून खूणही गेली. जे डोळ्यांना दिसत नाही ते दाखवायचं काम चित्राने नाही करायचं तर कशाने?

निवृत्त पाटबंधारे

गुहागरकर, तुमच्या खाजणाचं वाचून दोन मिनिटं थांबलो. तरी माझा मुद्दा सोडत नाही.

भरूचला नर्मदेत खारं पाणी वर चढतं. मासेमार सांगतात की पालवा (हिलसा) मासा पूर्वीसारखा मिळत नाही. यात समुद्राची वाढ किती आणि वर धरणात पाणी अडवल्यामुळे नदीचा रेटा कमी झाला तो किती? मोठा भाग दुसऱ्या कारणाचा आहे. म्हणून तर तिथे भाडभूतला बॅरेज, म्हणजे नदीवर आडवा बंधारा, बांधायला घेतलं. उलटं उदाहरण खंभातचं. एवढं नावाजलेलं बंदर, ते गाळाने भरून बंद पडलं. किनारा अनेक कारणांनी हलतो. आठवीतल्या मुलाला हे कोण वेगळं करून सांगणार? नाही सांगितलं तर तो सगळं एकाच खात्यावर मांडतो.

रंगपेटी

काका, तुम्ही सांगा. मनापासून म्हणते. तुम्ही आत्ता दोन परिच्छेदांत जे लिहिलंत ते माझ्या वर्गात कुणी सांगितलेलं नाही. फळ्यावर पावागढ ते आखात अशी नदी काढा, कोतरं कुठे होती ते दाखवा, आणि मग मुलांना त्या नदीच्या शेवटच्या टोकाला न्या. विश्वामित्री ढाढरला मिळते आणि ढाढर आखाताला. मग हा विषय आपला नाही असं कसं म्हणायचं? तुमच्या-माझ्या भांडणातलं अर्धं भांडण नदी शहराच्या हद्दीत संपते असं धरल्यामुळे आहे.

आखाताच्या काठी कावी-कंबोईला किती जणांनी मुलांना नेलंय? स्तंभेश्वर महादेवाला बडोद्याहून लोक जातात, दर्शन घेतात, नारळ वाढवतात आणि परततात. भरती येताना तिथे थांबून बघा. सकाळी पिंडीपर्यंत चालत गेलेलो असतो, आणि नंतर देऊळ पाण्याखाली. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक काही ठिकाणी दहा मीटरच्या वर जातो, देशात इतका दुसरीकडे नाही. मी दहावीच्या मुलांना घेऊन गेले होते. एक मुलगा वहीत काहीच काढेना. परतताना बसमध्ये त्याने फक्त एक आडवी रेघ मारली आणि तिच्याखाली ‘इथे मी उभा होतो’ असं लिहिलं. मी ते तसंच स्पर्धेला पाठवलं. नंबर आला नाही. मला आजही ते माझ्या वर्गातलं सगळ्यात खरं काम वाटतं.

अकोटा

रंगपेटीताई, हे वाचून माझं अर्धं मत हललं, पूर्ण नाही.

निवृत्त काकांची भीती मला अजून खरी वाटते. कांस बुजवणारे सुटू नयेत. २०२५च्या पावसाळ्याआधी नदी खोल-रुंद करायचं काम झालं, पण माझी मुलगी विचारते, ‘यंदा नक्की नाही ना येणार?’ आणि मला उत्तर देता येत नाही. तिला समुद्राचं सांगायच्या आधी मला हे उत्तर हवंय.

काल रात्री तिला दोन्ही सांगितलं, गुहागरचं शेत आणि काकांची कांस. ती म्हणाली, ‘मग नदीतलं आपलं पाणी पण तिकडेच गेलं ना?’ अस्वल खोडलेलं नाही तिने. कागद उलटा करून मागच्या बाजूला काहीतरी सुरू केलंय, दाखवत नाही. स्पर्धेला पाठवायचं की नाही ते तिचं ती ठरवेल. पण रविवारी कावीला न्यायचा विचार आहे. किती वाजता निघावं?

मूळचा गुहागरचा

तिथी बघून जा, वार बघून नको. अमावास्या किंवा पौर्णिमा होऊन एक-दोन दिवस झाले की भरती सगळ्यात मोठी असते, अष्टमीच्या आसपास बारीक. दिवसात भरती दोनदा, आणि रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा. ओहोटीत पोचा म्हणजे पिंडी दिसेल, मग वर मागे येऊन बसा आणि सहा तास द्या. पाणी आलं की चिखलात उतरू नका. आखातातली भरती आमच्याकडच्यापेक्षा फार वेगाने येते. मुलीचा हात धरून ठेवा.

निवृत्त पाटबंधारे

गाडीत जागा असेल तर मीही येतो. जरा वाट वाकडी करून ढाढरच्या पुलापाशी पाच मिनिटं थांबू.