पायदळ मांडताना आधी काय बघायचं: कवायतीचं पुस्तक की लढाईचा अहवाल?

रांगोबा
टेबलावरच्या युद्धखेळात २८ मिमी उंचीच्या फिगरचं (छोट्या सैनिकांचं) नेपोलियनकालीन पायदळ मांडणारे बहुतेक जण आधी रांगा ठरवतात आणि रुंदी जमेल तशी घेतात. हे उलटं आहे. आधी कवायतीच्या नियमांवरून आघाडीची रुंदी काढा.

फ्रेंच बटालियन घ्या. फेब्रुवारी १८०८ च्या आदेशानुसार सहा कंपन्या, प्रत्येकी १४०, म्हणजे ८४० माणसं. तीन रांगांत २८० फाइल (फाइल म्हणजे एकामागे एक उभी माणसं). खांद्याला खांदा लावलेल्या माणसाला साधारण ५५ सेंमी धरले, तर लाइन, म्हणजे आडवी पसरलेली रचना, १५४ मीटर. १:२० ने, म्हणजे वीस माणसांमागे एक, ४२ फिगर. फिगरमागे २० मिमीच्या बेसवर (खालच्या पट्टीवर) दोन रांगांत २१-२१, म्हणजे ४२ सेंमी. टेबलावरचा १ मिमी म्हणजे जमिनीवरचे सुमारे ३७ सेंमी. मस्केट बंदुकीचा १०० मीटरचा मारा २७ सेंमी येतो. चाल, टेकडी, गाव सगळं याच मापाने. खोलीचा नाद सोडा: खऱ्या तीन रांगा जेमतेम तीन मीटर, आपल्या दोन रांगा १५ मीटर अडवतात. ते खोटं पत्करावंच लागतं.

हजेरीपट
साफ असहमत. ८४० हा कागदावरचा आकडा. आजारी, मागे पडलेले, जखमी वजा केले की मोहिमेतली बटालियन निम्म्यावरही येते. शिवाय अधिकारी, ढोलवाले आणि रांगांमागचे सार्जंट फाइलमध्ये मोजायचेच नसतात. लढाईच्या आसपासची हजेरी शोधा आणि तिथून सुरुवात करा.

रांगांचंही तेच. ऑक्टोबर १८१३ मध्ये, लाइपझिगच्या लढाईच्या तोंडावर, नेपोलियननेच दोन रांगांचा हुकूम काढला. तीच ४२० माणसं तीन रांगांत ७७ मीटर, दोन रांगांत ११५. ब्रिटिशांच्या १७९२ च्या नियमांत तीन रांगा, व्यवहारात दोन आणि वॉटर्लूला जनरल मेटलंडचे गार्ड्स चार रांगांत. आता सांगा, कोणतं पुस्तक उघडायचं?

रांगोबा
हजेरी घ्या की, नको कोण म्हणतंय! पण ती भागायची कशाने? माणसामागची जागा आणि कंपन्यांचा क्रम अहवालात क्वचित सापडतो. तिथे 'शत्रू दाट कॉलममध्ये (तुकड्या एकामागे एक) चालून आला' एवढंच असतं, आणि मग टेबलावर दोन फिगर रुंद, वीस फिगर लांब असा साप सरपटतो. पुस्तकातला कॉलम दोन कंपन्यांच्या आघाडीचा: ९३ फाइल, ५१ मीटर रुंद, एकामागे एक तीन डिव्हिजन (कंपन्यांच्या जोड्या), एकूण नऊ रांगा. डिव्हिजन भिडवून उभ्या केल्या तर खोली रुंदीच्या निम्मीही भरत नाही. ४२ फिगरचा कॉलम ७ रुंद, ६ खोल हवा.

हजेरीपट
त्याच आदेशात पुढे काय आहे तेही लिहा. ग्रेनेडियर (निवडक) आणि व्होल्टिजर (हलक्या पायदळाच्या) कंपन्या हजर नसतील तर आघाडी एकाच कंपनीची. म्हणजे ४७ फाइल, २६ मीटर, चार कंपन्या एकामागे एक, बारा रांगा. व्होल्टिजर स्कर्मिशला (विखुरलेल्या चकमकीला) पुढे गेलेले, ग्रेनेडियर काढून वेगळ्या दलात घातलेले, हे काही दुर्मीळ नव्हतं. तुमचा सापही पुस्तकातलाच निघाला. त्या दिवशी कोणता कॉलम होता हे अहवालाशिवाय कळणार नाही.

पुठ्ठा_कात्री
वाद चालू द्या, पण चिकटवण्याआधी एक हिशेब: कंपनीला ७ फिगर दोन रांगांत बसत नाहीत. ६ घ्या. ३×२, बेस ६०×४० मिमी, बटालियन ३६ फिगरची, प्रमाण १:२३, आणि १ मिमी म्हणजे ४३ सेंमी. लाइन ३६ सेंमी, डिव्हिजनचा कॉलम १२×१२, एका कंपनीच्या आघाडीचा ६ रुंद, १६ खोल. दोघांचेही कॉलम त्याच बेसवर होतात. अख्खी बटालियन एका ट्रेवर चिकटवली की दोन्ही गेले. रंगवण्याआधी पुठ्ठ्याचे तुकडे कापून टेबलावर फिरवून बघा.

सारिसाधर
'खोली खोटीच' हे मॅसिडोनियन फॅलँक्सला, म्हणजे लांब भाल्यांच्या दाट पायदळाला, लागू नाही. त्यातली एक तुकडी, सिंटाग्मा, २५६ माणसांची, १६×१६. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस माणसामागे तीन फूट देतो, म्हणजे दोन्ही बाजू चौदा-पंधरा मीटर. १:१६ ने १६ फिगर, ४×४, बेस ८०×८० मिमी. प्रमाण चोख.

गोची भाल्यांची आहे. १४ हातांची सारिसा (त्यांचा लांब भाला) सव्वासहा मीटर भरते, २८ मिमी फिगरच्या १:५६ मापाने ११२ मिमी. त्यातले १० हात पहिल्या माणसाच्या पुढे, म्हणजे ८० मिमी, आणि शत्रूचा बेस भिडतच नाही. पॉलिबियस पाच रांगांची टोकं पुढे आणि मागच्यांचे भाले तिरके वर धरलेले सांगतो. चार रांगांच्या बेसवर पहिलीच रांग आडवी ठेवा, दुसरी अर्धी उचललेली, बाकी वर. प्लास्टिकचे भाले वाकतात; तार वापरा आणि टोक बोथट करा.

हजेरीपट
इथे तर माझीच बाजू बळकट होते. पॉलिबियस स्वतः अकियन संघाचा (ग्रीक शहरांच्या युतीचा) घोडदळप्रमुख होता, युद्ध जाणणारा माणूस. नेटकी १६×१६ ची जंत्री ॲस्क्लेपिओडोटससारख्या तत्त्वज्ञाची.

सारिसाधर
सोळाची खोली पॉलिबियसही देतोच. उगाच ओढाताण नको.

रांगोबा
नेपोलियनकालीन बटालियनच्या, घोडदळाविरुद्धच्या चौकोनाचं काय करता? पुठ्ठा_कात्रींचे चार बेस म्हणजे साधारण ५५० माणसं. तीन रांगांत १८३ फाइल, प्रत्येक बाजू २५ मीटर, टेबलावर ५८ मिमी. पण चारही बेस भिरभिऱ्यासारखे लावले तरी बाजू १०० मिमी होते, मध्ये झेंड्यापुरती २० मिमीची जागा. शेजारचे चौकोन एकमेकांत घुसतात.

पुठ्ठा_कात्री
चौकोनाची जागा मधल्या बिंदूवरून धरा. अंतर आणि माऱ्याचा कोन तिथूनच मोजा, बेसच्या कडेवरून नाही. दोन मध्यबिंदूंत किमान ११ सेंमी ठेवले की बेस अडकत नाहीत.

हजेरीपट
११ सेंमी म्हणजे तुमच्याच मापाने ४७ मीटर. त्याहून दाट उभे केलेले चौकोन असतील तर बटालियनमागे दोन बेस कमी करा, मोजणी मध्यावरून असो वा कडेवरून.