टब बदलतेय, टाइल्स फोडायच्या नाहीत – भिंतीकडचा सांधा कसा बंद करू?

दापोलीजवळ समुद्राला लागून घर आहे. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, आतून प्लास्टर, बाथरूमला वरपर्यंत टाइल्स. जुना फायबरचा टब जाळीभोवती तडकला. खाऱ्या हवेने त्याचे लोखंडी पाय असे खाल्लेत की बोट लावलं तरी पापुद्रे सुटतात. नवा अॅक्रिलिकचा आणलाय, १७०० बाय ७०० मिमी. तीन बाजूंना भिंत, पुढे टाइल्सचा कट्टा.

जुन्या टबाची कड टाइल्सच्या आत गेलेली आहे. खालची ओळ फोडल्याशिवाय टब निघणार नाही, असं गवंडी म्हणतो. पण ते डिझाइन आता कुठेच मिळत नाही. नवा टब नुसता टाइल्सना टेकवून बसवला तर चालेल का? भिंत गुण्यात नाही, त्यामुळे फट एका टोकाला ४ मिमी तर दुसऱ्या टोकाला १२. गवंडी म्हणतो, व्हाइट सिमेंट भरतो, झालं काम. आधीही तेच भरलं होतं. दर पावसाळ्यात केसाएवढी चीर पडायची, आणि पलीकडच्या खोलीत प्लास्टरला पोपडे. सिलिकॉन मारावं म्हणते, पण या दमट हवेत ते सुकेल का?

प्रतिसाद:
ताई, टाइल्स अजिबात फोडू नका. टब टाकायचाच आहे ना? मग ग्राइंडरने त्याचेच तुकडे करा, कड आपोआप सुटते. टाइल्सखाली जी खाच उरेल ती वॉटरप्रूफिंगच्या मसाल्याने भरून घ्या.

व्हाइट सिमेंट तिथे टिकणारच नाही. टबात दीडशे-दोनशे लिटर पाणी म्हणजे तेवढेच किलो वजन, वर माणूस. कड जराशी खाली बसते आणि कडक सांधा तडकतो. म्हणून लांब भिंतीला टबाच्या कडेखाली पट्टी ठोका, स्टेनलेसच्या स्क्रूने. पाय लेव्हल लावून नीट टेकवा. उतार टबाच्या तळात असतोच, टब तिरका करायची गरज नाही. सांधा बंद करायच्या आधी एकदा टब भरून सोडा आणि ड्रेनच्या नटाखाली कोरडा कागद फिरवून बघा. कट्ट्याला छोटं दार ठेवा, नाहीतर उद्या ट्रॅप तुंबला की कट्टाच फोडावा लागेल.

सिलिकॉन न्यूट्रल घ्या, सॅनिटरीचं, बुरशी न धरणारं. व्हिनेगरसारखा वास येतो ते नको, ते सिमेंटला नीट धरत नाही. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानेच पिकतं, दमटपणाची भीती नको. सांधा मात्र खडखडीत कोरडा हवा, आणि जांभा प्यायलेलं पाणी सहज सोडत नाही. जुना टब काढल्यावर पंखा लावून भिंत चांगली सुकू द्या. रुंद टोकाला आधी फोमची दोरी दाबा, टाइल आणि टबाची कड स्पिरिटने पुसा, दोन्हीकडे चिकटपट्टी लावा. मग टब भरा आणि भरलेला असतानाच सिलिकॉन मारा. दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी सोडू नका.

धागाकर्ती:
खूप आभार! गवंडीकाकांना वाचून दाखवते. पण टब भरलेला असताना मागच्या भिंतीला सिलिकॉन मारायचं तर आत उतरायचं का?

प्रतिसाद:
नको, पाणी हिंदकळून सांधा भिजेल. सत्तर सेंटिमीटर तर रुंदी आहे, कट्ट्यावरून वाकलं की हात पोचतो. पाणी ओव्हरफ्लोच्या भोकाखाली चार बोटं ठेवा म्हणजे बाह्याही भिजणार नाहीत.